दगडावर आज्जीचं नाव कोणत्या भाषेत?

वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

प्रश्न : बाई, जय ख्रिस्त. माझी आज्जी, म्हणजे आईची आई, गेल्या जुलैत प्रभूमध्ये निजली. ८८ वर्षांची होती. माहेर खानापूर तालुक्यातलं. लग्नानंतर सगळं आयुष्य बेळगावात गेलं. आजोबा लवकर गेले. आज्जीनं मिशनच्या मुलींच्या वसतिगृहात ३१ वर्षं स्वयंपाक केला आणि आई व दोन मामांना वाढवलं. चर्च एकही रविवार चुकवलं नाही. आमच्याकडे सकाळी मराठी उपासना असते, मग कन्नड. आज्जी मराठीला जायची आणि कायम दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसायची. मराठी सुटली की वसतिगृहात साठ-सत्तर पानं वाढायची असत, म्हणून शेवटचं गीत सुरू झालं की ती निघायची. म्हणायची, ‘३१ वर्षं मी आशीर्वाद स्वयंपाकघरात घेतला.’

आता कबरीवर दगड बसवायचा आहे. धाकटे मामा बेंगळुरूला असतात. ते म्हणतात इंग्रजीत लिहू, नातवंडांना तेवढंच वाचता येतं. थोरले मामा म्हणतात कन्नडमध्ये, कारण पुढं इथं राहणारे तेच वाचणार. आई म्हणते मराठीच. गेले दोन महिने आई आणि थोरले मामा बोलत नाहीत. मेस्त्री अक्षरामागे पैसे सांगतोय, त्यावरूनही वाद झाला. जुलैत वर्षाची प्रार्थना आहे, त्याच्या आधी दगड बसवायचा असं ठरलंय.

दुसरं म्हणजे, पाळकसाहेबांनी त्या दिवशी मला पाच मिनिटं बोलायला सांगितलंय. ‘माझी आज्जी अत्यंत प्रेमळ, कष्टाळू व धार्मिक होती’ एवढं लिहून मी थांबते. पुढं काही सुचत नाही. पत्रात चुका असतील तर माफ करा. (मी कन्नड शाळेत शिकले. मराठी वाचायला आज्जीनंच शिकवलं, तिच्या बायबलावर बोट ठेवून.)
– एक नात, बेळगाव

उत्तर : जय ख्रिस्त, बाळा. वयानं तू मला नातीसारखी, म्हणून एकेरीत लिहिते. तुझ्या पत्रात चुका नाहीत. एक ‘उपासना’ तू ‘उपासाना’ लिहिली होतीस, ती मी दुरुस्त केली.

आधी दगडाचं बोलू, कारण त्याच्यापायी घरात बोलणं बंद झालंय.

मी माझ्या घरची गोष्ट सांगते. माझी आज्जी १९८६ साली गेली. तेव्हा आमच्या घरात इंग्रजीचं मोठं कौतुक होतं. दफनभूमीत शिरताना समोर ज्या जुन्या साहेब लोकांच्या कबरी आहेत, त्यांच्यावर सुरेख इंग्रजी अक्षरं आहेत, तसंच आपल्याही आज्जीच्या दगडावर असावं असं वडिलांना वाटलं. मी तेव्हा शाळेत मराठी शिकवत होते, तरी गप्प बसले. दगड आला. वर ‘इन लव्हिंग मेमरी ऑफ’, खाली ‘मिसेस’ आणि पुढं आजोबांचं नाव. आज्जीचं नाव दगडावर कुठंच नव्हतं! तिला बाप्तिस्म्यात दिलेलं नाव, तिची आई ज्या नावानं हाक मारायची ते नाव, प्रार्थनेत ती स्वतःला ‘हे प्रभू, तुझी दासी’ म्हणून जे नाव पुढं लावायची ते, सगळं गेलं. माझी आत्या दर ईस्टरला पहाटे कबरीवर फुलं ठेवायला यायची. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं. ती ओळीतली चौथी कबर मोजून आपल्या आईजवळ जायची. एका वर्षी शेजारी नवी कबर झाली आणि आत्या चुकून दुसऱ्याच्या कबरीवर फुलं ठेवून, गीत म्हणून, रडून घरी आली. मला ते कळलं त्या दिवशी मी जेवले नाही. पुढं २००३ साली आम्ही त्या दगडाच्या पायथ्याला एक आडवी पट्टी बसवून तिचं नाव मराठीत कोरून घेतलं. आत्या तोवर गेली होती.

म्हणून सर्वांत आधी हे बघ, की दगडावर तुझ्या आज्जीचं स्वतःचं नाव आहे. भाषा त्याच्यानंतर. ‘अमुक यांची पत्नी’ खाली येऊ दे, ‘माहेर खानापूर’ हेही येऊ दे. वर मोठ्या अक्षरांत ती स्वतः असू दे.

भाषेबद्दल माझं मत आईच्या बाजूनं आहे, पण कन्नडवर राग म्हणून नाही. तुझी आज्जी बाजारात कन्नडमध्येच भाव करत असणार. आमच्या आज्ज्या सगळ्याच तशा होत्या, भाजीवालीला ‘एष्टु?’ विचारायचं आणि घरी येऊन ‘लई महाग झालंय गं’ म्हणायचं. रविवारला भानुवार म्हणणाऱ्या मराठी बायका मी आपल्या मंडळीतच ऐकल्यात. हे काही आजचं नाही. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बल्लारीहून बेळगावात आले ते १८२० साली, १९०४ मध्ये त्या सोसायटीनं इथलं काम मेथडिस्ट मिशनकडे सोपवलं, आणि तुमच्या चर्चमध्ये आजही एका सकाळी दोन भाषांत उपासना होते. मराठीवाले बाहेर पडताना कन्नडवाले आत शिरतात, दारात हात जोडले जातात. तुझी आज्जी शेवटच्या बाकावर बसत होती म्हणजे त्या दारातल्या सगळ्यांना ओळखत असणार. थोरल्या मामांना हे मी आवर्जून सांगू इच्छिते, की मराठी कोरल्यानं त्या दारातलं कुणी दुखावणार नाही.

तुझ्या आज्जीचा जन्म १९३६चा म्हणजे मुंबई इलाख्यातला. लग्न १९५५चं असं तू पत्रासोबतच्या चिठ्ठीत लिहिलंस, म्हणजे लग्नाच्या दाखल्यावर मुंबई राज्य. १ नोव्हेंबर १९५६ला म्हैसूर राज्य आलं, १९७३ला त्याचं नाव कर्नाटक झालं, २०१४ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, आणि मृत्यूचा दाखला तुम्ही काढलात त्यावर तेच असणार. कागद बदलत गेले. ती ज्या भाषेत रात्री तुमची एकेकाची नावं घेऊन प्रार्थना करत होती, ती बदलली नाही. तुझं नाव, मामांची नावं, बेंगळुरूच्या नातवंडांची नावं देवापुढं गेली ती मराठीत. दगड तिचा आहे, म्हणून वचन त्या भाषेत असावं.

नातवंडांना वाचता आलं पाहिजे हे धाकट्या मामांचं म्हणणं मी टाकून देत नाही. माझ्या आत्याला वाचता आलं नाही, ते मी वर लिहिलंच. तर असं करा. वर नाव मराठीत मोठं. त्याखाली तारखा. मग वचन मराठीत. आणि अगदी खाली, लहान अक्षरांत, फक्त नाव आणि दोन सालं, एका ओळीत कन्नड, दुसऱ्या ओळीत इंग्रजी. म्हणजे कोणत्याही शाळेत शिकलेलं पोर कबर शोधू शकेल. वचन वाचायला मात्र त्याला कुणाला तरी विचारावं लागेल, आणि ते विचारेल तेव्हा तू असशील.

वचन कोणतं ते आईला ठरवू दे. आज्जीच्या बायबलात बघा, कुठलं पान सगळ्यांत मळलंय, कुठं ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारचा, झावळीचा वाळका क्रूस ठेवलाय. बहुतेक घरी तो स्तोत्र २३वर सापडतो. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे’ हे निवडलंत तर मेस्त्रीला सांग की ही १३ अक्षरं होतात. काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजायचे नाहीत आणि ‘श्व’ हे एकच अक्षर, हे आधी कबूल करून घ्या. आमच्या पट्टीच्या वेळी मेस्त्रीनं ते मान्य केलं होतं. याच वचनाची इंग्रजीत १९ अक्षरं भरतात, मामांनी खर्चाचं काढलं तर हे सांगता येईल.

आता दगडाच्या कामाबद्दल थोडं, कारण यात माणसं फसतात. हल्ली बहुतेक ठिकाणी अक्षरं कॉम्प्युटरवर जुळवून मशीननं कोरतात. एका फॉन्टमधून दुसऱ्यात नेताना मराठी जोडाक्षरं मोडतात, ‘ख्रिस्त’चा ‘ख’ एकीकडे आणि ‘रि’ दुसरीकडे पडतो, ‘मेंढपाळ’मधल्या ‘ढ’खाली नको तिथं टिंब येतं. कोरायच्या आधी कागदावर पूर्ण मापाची छापील प्रत मागा. ती आईनं एकदा आणि तू एकदा, अक्षरावर बोट ठेवून वाचा. फोनवर फोटो बघून ‘ओके’ म्हणू नका. शहाबादी फरशी स्वस्त पडते, पण आपल्या पावसात तिचे पापुद्रे निघतात आणि पाच-सहा वर्षांत अक्षरं बुजतात. काळा ग्रॅनाइट घ्या, अक्षरं खोल घ्या, सोनेरी रंगावर विसंबू नका, तो धुऊन जातो.

आणि दगड जुलैत बसवू नका. एक पावसाळा जाऊन माती खाली बसली ते बरंच झालं, पण भर पावसात चौथऱ्याचं सिमेंट नीट धरत नाही आणि खालची माती पुन्हा ओली होऊन दगड कलतो. वर्षाची प्रार्थना जुलैत चर्चमध्ये करा. दगड दिवाळीनंतर, जमीन वाळली की बसवा, म्हणजे नाताळच्या आधी कबर नीटनेटकी होईल. यात आणखी एक सोय आहे. आई आणि थोरल्या मामांना चार-पाच महिने मिळतील. जुलैची प्रार्थना दोघांनी मिळून ठरवावी, मामांनी शास्त्रवाचन करावं, हवं तर कन्नडमधून करावं. आज्जीच्या प्रार्थनेला कन्नड वाचन झालं तर तिला आनंदच होईल. माझा अनुभव असा, की एकत्र जेवणाची यादी करायला बसलेली भावंडं फार दिवस अबोला धरू शकत नाहीत.

आता तुझी पाच मिनिटं.

‘प्रेमळ, कष्टाळू, धार्मिक’ हे तीन शब्द खोडून टाक. खोटे आहेत म्हणून नव्हे. हे शब्द त्या चर्चमधल्या प्रत्येक आज्जीबद्दल म्हणून झालेत आणि बाकावर बसलेल्यांना ते ऐकूच येत नाहीत. तुझ्या पत्रात तू मला दोन गोष्टी दिल्यास, त्या तुझ्या एकटीच्या आज्जीच्या आहेत.

पहिली, शेवटचा बाक. मी ते वाचलं आणि पत्र खाली ठेवलं. ३१ वर्षं एक बाई देवळात येते, गीत म्हणते, उपदेश ऐकते, आणि पाळक आशीर्वादाला हात वर करण्याआधी तिला उठावं लागतं, कारण साठ-सत्तर मुली उपाशी आहेत. पुढच्या बाकावरचे लोक आशीर्वाद घेऊन सावकाश बाहेर येतात तेव्हा ती भाताचं पातेलं उतरवत असते. यावर तू काही भाष्य करू नकोस. नुसतं सांग. बाक कुठला ते बोटानं दाखव, म्हणजे सगळे मान वळवून मागं बघतील. आणि आईला विचार, निवृत्तीनंतर पहिल्या रविवारी काय झालं? ती पुढं बसली, की त्याच बाकावर? आशीर्वाद संपेपर्यंत थांबली तेव्हा काय म्हणाली? कुणाला तरी आठवत असेल. वसतिगृहातल्या त्या मुली आज पन्नाशी-साठीच्या असतील, कुणी नर्स, कुणी शिक्षिका. दोघी-तिघींना फोन कर. त्या तुला भाकरीचा आकार सांगतील, आजारी मुलीला ती चोरून काय द्यायची ते सांगतील. हे घरच्यांना माहीत नसतं.

दुसरी गोष्ट तू पत्राच्या शेवटी कंसात टाकलीस, माफी मागता मागता. मराठी वाचायला आज्जीनं शिकवलं, बायबलावर बोट ठेवून. बाळा, तुझं भाषण तिथूनच सुरू होतं. किती वाजता बसायची ती तुला घेऊन? दिवे लागल्यावर? बोट कुठलं, त्याला भाजल्याचा डाग होता का? तू वाचलेला पहिला शब्द कोणता? तू अडलीस की ती शब्द सांगायची, की तूच जुळवावास म्हणून थांबायची? मी ३४ वर्षं मुलांना वाचायला शिकवलं. मुलाचं बोट अक्षरावरून सरकत असताना गप्प थांबता येणं हे शिकवण्यातलं सगळ्यात अवघड काम. ज्या बाईला आशीर्वादापर्यंत थांबायला वेळ नव्हता, ती तुझ्या एका ओळीसाठी थांबली. पवित्र शास्त्रात प्रेषित पौल आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, त्याच्या आजीचं, लोईसचं नाव घेऊन लिहितो, की हा विश्वास आधी तिच्यात होता, मग तुझ्या आईत, आणि आता तुझ्यात आहे. तुमच्या घरात हाच क्रम आहे. पाळकसाहेबांना ते वचन वाचायला सांग.

भाषण मराठीत लिही, मोठ्या अक्षरांत, वहीच्या पानाला एकाच बाजूला. आणि बोलायला जाताना आज्जीचंच बायबल हातात घे, कागद त्याच्यात ठेव. हात थरथरले तर ते बायबल जड आहे, सावरायला बरं पडतं.

दगडाची छापील प्रत आली की मला पाठव. मी चष्मा लावून अक्षर न् अक्षर बघेन.

प्रश्न : माझ्या आज्जीच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून आहे. ती स्वतः मात्र ‘मी नाताळच्या आसपासची’ म्हणायची. स्मरणपत्रिका छापायची आहे. कुठली तारीख धरावी?
– एक वाचक, निपाणी

उत्तर : आज्जीवर विश्वास ठेवा. पूर्वी मुलाला शाळेत घालताना जन्मतारीख माहीत नसली की मास्तर १ जून लिहीत. त्या एका तारखेला आपल्या भागात अर्धं गाव जन्मलेलं दिसतं. खरी तारीख चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत मिळण्याचा संभव जास्त. तीत बहुधा जन्म, बाप्तिस्मा, आईवडील आणि बाप्तिस्मा देणाऱ्या पाळकांचं नाव असतं. जिथं तिचा बाप्तिस्मा झाला त्या मंडळीच्या पाळकांना लेखी विनंती करा, अंदाजे साल आणि तिच्या वडिलांचं नाव द्या. तिथं नसेल तर लग्नाची नोंद बघा. ख्रिस्ती लग्नांची नोंदवही १८७२च्या कायद्यापासून ठेवावी लागते आणि तीत निदान वय सापडतं. जुन्या वह्यांचे कागद कडेनं तुटतात, म्हणून बोट ओलं करून पान उलटू नका. काहीच मिळालं नाही तर पत्रिकेवर नुसतं साल छापा आणि ‘नाताळच्या सुमारास’ असं लिहा. १ जून छापू नका.

प्रश्न : आम्ही हिंदू मराठा. शेजारच्या ख्रिस्ती आज्जींनी माझी दोन्ही मुलं सांभाळली. त्यांच्या वर्षाच्या प्रार्थनेला बोलावणं आलंय. चर्चमध्ये कधी गेले नाही. काय न्यावं, कसं वागावं? शोकसंदेशात ‘कैलासवासी’ लिहिलं तर चालेल का?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : नक्की जा, मुलांनाही न्या. ‘कैलासवासी’ऐवजी ‘ख्रिस्तवासी’ लिहा. चर्चमध्ये कुठंही बसा. सगळे उभे राहिले की उभं राहायचं, प्रार्थनेच्या वेळी मान खाली घालायची, गीत येत नसलं तर ऐकायचं. दानाची थैली फिरली तर टाकलंच पाहिजे असं नाही. पांढरी फुलं आणि दोन मेणबत्त्या न्या, प्रार्थनेनंतर घरचे दफनभूमीत जातील तेव्हा त्यांच्याबरोबर जा. तिथं पाळक बहुधा विचारतात, ‘आणखी कुणाला बोलायचंय?’ घरचे गप्प राहतात, गळा भरून आलेला असतो. तेव्हा तुम्ही पुढं व्हा आणि सांगा, की या आज्जींनी माझी पोरं वाढवली. थोरल्याला त्या कुठल्या नावानं हाक मारायच्या, तेही सांगा.